लेंकराच्या बाजूचा वकील

(दिघोरी, जिल्हा भंडारा, येथें शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेंत एका वकिलानें केलेलें भाषण.)



रोवणे आटोपले, दोन दिवस उसंत आहे, म्हणून आपण मला बोलावलें. मंडळींनीं सांगितलें होतें कीं, वकिलीचा धंदा कसा आहे आणि आपल्या पोरापोरींनीं त्यांत शिरावें कीं नाहीं, यावर चार शब्द सांगा. मी कबूल झालों. परंतु वाटेनें येतांना विचार आला कीं, वकिली म्हटली म्हणजे बांधाचा तंटा, हिश्शाची वाटणी आणि तारखेवर तारीख, एवढेंच आपल्या लोकांस ठाऊक. वकील म्हणजे पक्षकाराला दुभतें जनावर समजणारा गृहस्थ, असें आपण मानतां. आणि त्यांत सगळेंच खोटें आहे असें मी, त्या धंद्यांतला असूनहि, म्हणणार नाहीं. म्हणून आज त्या वकिलीबद्दल बोलत नाहीं. ज्या लेंकराच्या अब्रूवर कोणी हात टाकला, त्या लेंकराच्या बाजूनें कोर्टांत उभा राहणारा वकील काय करतो, त्याबद्दल बोलतों. हा विषय चारचौघांत बोलण्यासारखा नाहीं, असें कोणी म्हातारे म्हणतील. चारचौघांत बोलत नाहीं म्हणूनच तो घराघरांत कुजत पडला आहे.

हा विषय मुंबई-दिल्लीचा नाहीं. आपल्या लाखांदूर तालुक्याची हद्द ओलांडली कीं देसाईगंज, म्हणजे आपलें वडसा. त्या वेळीं तें चंद्रपूर जिल्ह्यांत होतें, आज गडचिरोलींत आहे. तेथल्या पोलीस ठाण्यांत २६ मार्च १९७२ च्या रात्रीं एक आदिवासी पोर आपल्या भावाबरोबर गेली होती. आईबाप नाहींत, मजुरी करून पोट भरणारी. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान, असें डॉक्टरनें मागाहून लिहिलें. भावानेंच फिर्याद केली होती कीं, बहिणीला पळवून नेण्याचा बेत आहे. जबान्या झाल्या, माणसें बाहेर निघालीं, आणि पोलिसानें पोरीला मागें थांबविलें. बाहेर भाऊ उभा, गांवकरी जमलेले, आंत दिवा मालवलेला. पुढें काय झालें तें सांगावयास नको. कायद्याच्या पुस्तकांत तो खटला तिच्या नांवानेंच, मथुरा प्रकरण म्हणून, ओळखला जातो. आज असें नांव छापणें गुन्हा आहे. तेव्हां तो कायदा नव्हता.

आतां कोर्टांत काय झालें तें ऐका. १९७४ सालीं चंद्रपूरच्या सेशन्स कोर्टानें दोन्ही पोलिसांस सोडून दिलें. पोरगी खोटें बोलते आणि तिची चालचलणूक चांगली नाहीं, असा निष्कर्ष काढला. १९७६ सालीं नागपूरच्या खंडपीठानें तो निकाल फिरविला. रात्रींच्या वेळीं ठाण्यांत, वर्दीवाल्यापुढें अनाथ पोर गप्प राहिली, तर तें भीतीनें गप्प राहणें आहे, राजीखुशी नव्हे, हें हायकोर्टानें ओळखलें. एकास पांच वर्षें व दुसऱ्यास एक वर्षाची शिक्षा दिली. आणि १९७८ सालीं दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानें पुन्हा दोघांसहि सोडलें. कारण काय, तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिनें आरडाओरड केली नव्हती. बंधूंनो, आपल्यापैकीं कितीजण फौजदारासमोर ओरडलां आहांत? मोठे बाप्ये तुम्ही, सातबारा घेऊन तलाठ्यापुढें उभे राहिलां तरी शब्द घशांत अडकतो. मग त्या पोरीकडून काय अपेक्षा होती?

१९७९ च्या सप्टेंबरांत कायदा शिकविणाऱ्या चौघांनीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें: उपेन्द्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. देशाच्या मुख्य न्यायाधीशाला चार मास्तर लोक जाब विचारतात, ही गोष्ट तोंपर्यंत ऐकिवांत नव्हती. त्या पत्रानें रान पेटलें. ठिकठिकाणीं बायांनीं मोर्चे काढले. १९८३ सालीं कायदा बदलला. ठाण्यांतील, तुरुंगांतील, इस्पितळांतील अत्याचार हा वेगळा व अधिक मोठा गुन्हा ठरला. अशा खटल्यांत बाई म्हणाली कीं मी राजी नव्हतें, तर कोर्टानें तसेंच धरून चालावें, असें ठरलें. खटला बंद दारांआड चालावा आणि नांव छापूं नये, असेंहि ठरलें. आपल्या शेजारच्या एका मजूर पोरीमुळें साऱ्या हिंदुस्थानचा कायदा बदलला. तिच्या स्वतःच्या पदरांत मात्र कांहीं पडलें नाहीं. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तसाच राहिला.

मी वकिलाच्या धंद्याबद्दल बोलेन म्हणालों आणि अजून वकील आला नाहीं, असें मनांत येईल. येतो. त्या रानपेटीचीच एक ठिणगी मुंबईला पडली. १९८० सालीं तेथें बलात्काराविरुद्ध एक मंच उभा राहिला. त्याच्या बैठकींत एक घरगृहस्थीची बाई येऊन बसूं लागली. नांव फ्लेव्हिया ॲग्नेस. १९४७ चा जन्म, बालपण मंगळुराकडे मावशीजवळ गेलेलें, कॉलेज पाहिलेलें नाहीं, लग्न झालेलें, आणि नवऱ्याचा मार वर्षानुवर्षें खाल्लेला. बाईला घरांत होणारी मारहाण हीसुद्धां बोलण्याची गोष्ट आहे, हें अशाच बायांनीं त्या मंचाला शिकविलें. मंचानें आपलें नांव आणि काम दोन्ही रुंद केलें. ही बाई पोरें सांभाळून, घर सोडून, पुन्हा शिकायला बसली. १९८४ सालीं तिनें आपली कहाणी छापली. १९८८ सालीं वकिलीची परीक्षा देऊन ती हायकोर्टांत उभी राहिली, वयाच्या चाळिशीनंतर. आमच्या बाररूममध्यें एखादा चाळिशीचा नवा वकील आला तर पोरेंटोरें हसतात. मला तरी त्यांत हसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं.

१९९० च्या सुमारास ॲग्नेसबाईंनीं सोबतिणींसह ‘मजलिस’ नांवाची संस्था काढली आणि तरुण मुलींना हाताशीं धरून वकील म्हणून तयार केलें. २०११ पासून त्या संस्थेनें ‘राहत’ या नांवानें मुंबईंत अत्याचार झालेल्या बायांची आणि लेंकरांची पाठराखण सुरू केली. वकील कोर्टांत वाट पाहत बसत नाहीं. फिर्याद लिहिली जाते तेथपासून तो पोरीच्या घरच्यांबरोबर असतो. ठाण्यांत, इस्पितळांत, मॅजिस्ट्रेटसमोर, मग साक्षीच्या दिवशीं, आणि निकालानंतरहि. या कामाचा कणा मी तोच समजतों. कारण अशा खटल्यांत सरकारी वकील असतोच. खटला सरकारच्या नांवें चालतो. पण त्याच्या टेबलावर एका दिवशीं कितीतरी फायली. त्यानें साक्षीच्या सकाळीं प्रथम पोरीचें तोंड पहावें आणि दुपारीं तिला पिंजऱ्याशेजारीं उभें करावें, असें फार वेळां होतें. पोरीचा स्वतःचा असा कोणी नसतो. ती जागा भरणारा तो लेंकराच्या बाजूचा वकील.

त्याला कायद्याची जागा मिळाली ती २०१२ सालीं. लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण, असा तो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. लोक त्याला पोक्सो म्हणतात. त्यांत मुलगा आणि मुलगी असा भेद नाहीं; अठरा वर्षांखालचें प्रत्येक मूल त्यांत येतें. पोरांवरहि अत्याचार होतात, आणि ते तर पोरींपेक्षांहि अधिक गप्प बसतात. कायदा सांगतो कीं, लेंकराची जबानी त्याच्या घरीं किंवा त्याला आवडेल त्या जागीं घ्यावी, बनेल तों बाई अधिकाऱ्यानें, अंगावर वर्दी न घालतां. लेंकराला रात्रीं ठाण्यांत ठेवूं नये. मुलीची तपासणी बाई डॉक्टरनें, आईबाप किंवा भरवंशाचें माणूस जवळ असतांना करावी. कोर्टांत आरोपी त्याच्या नजरेस पडूं नये. वकिलांनीं प्रश्न न्यायाधीशाला द्यावेत आणि न्यायाधीशानें ते लेंकराला विचारावेत. अब्रूवर घाव घालणारे प्रश्न होऊं देऊं नयेत. कुटुंबाला आपल्या पसंतीचा वकील देतां येतो, आणि ऐपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणानें द्यावयाचा असतो. बाई आणि बालक यांना तर १९८७ च्या कायद्याप्रमाणें उत्पन्नाची अट न पाहतां फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टांत विधी सेवा समिती असते, तेथें साधा अर्ज पुरे. हें सांगायला आपल्याकडे कोणी येत नाहीं, कारण फुकट गोष्टीची जाहिरात कोण करणार!

कायदा चांगला आहे. पण कायद्याला पाय नसतात. नागपूरचीच गोष्ट घ्या. बारा वर्षांच्या मुलीला पेरू देतों म्हणून एका माणसानें घरांत नेलें आणि तिच्या अंगाशीं झोंबला. २०२१ च्या जानेवारींत आमच्या नागपूर खंडपीठानें ठरविलें कीं, कपड्यावरून हात लावला, कातडीला कातडी लागली नाहीं, म्हणून पोक्सोखालीं तो लैंगिक हल्ला होत नाहीं. देशभर हाहाकार झाला. भारत सरकारचे महान्यायवादी स्वतः सर्वोच्च न्यायालयांत गेले, आणि १८ नोव्हेंबर २०२१ रोजीं तो निकाल रद्द झाला. हेतु वाईट होता कीं नाहीं तें पहावें, कापड मधें होतें कीं नाहीं तें पाहूं नये, असें तेथें ठरलें. १९७२ ची पोर आणि ही पोर यांच्यामध्यें पन्नास वर्षें. त्या वेळीं निकाल फिरला नाहीं, या वेळीं दहा महिन्यांत फिरला. मधल्या वकिलांनीं आणि बायांनीं केलेली मजुरी ती हीच, असें मी समजतों.

लेंकराची बाजू कोर्टांत मांडणें ही आजची गोष्ट नव्हे. सुतार समाजांतील रखमाबाईचें लग्न अकराव्या वर्षीं लावून दिलें होतें. मोठी झाल्यावर ती म्हणाली, न कळत्या वयांतलें लग्न मी मानीत नाहीं. नवऱ्यानें १८८४ सालीं मुंबई हायकोर्टांत दावा लावला. १८८७ सालीं कोर्टानें सांगितलें, नांदायला जा, नाहींतर तुरुंगांत जा. ती म्हणाली, तुरुंग पत्करला. पुढें तडजोड झाली, आणि ती विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आली. १८९१ सालीं सरकारनें संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेव्हां पुण्याच्या मोठमोठ्या पुढाऱ्यांनीं, खुद्द टिळकांनींहि, धर्मांत हात घालूं नका म्हणून गहजब केला. दहा वर्षांच्या पोरीच्या अंगाचा प्रश्न धर्माचा कसा होतो, हें मला अजून कोणी समजावून सांगितलेलें नाहीं.

आतां माझ्याच धंद्यांतली एक हार सांगतों. गांव सांगणार नाहीं. पोरगी आठ वर्षांची, करणारा घरच्याच नात्यांतला. नात्यांतला, ओळखीचा, शेजारचा, हें लक्षांत ठेवा. सरकारी आंकडेच सांगतात कीं, अशा शंभर गुन्ह्यांत नव्वदांहून अधिक ठिकाणीं करणारा लेंकराच्या ओळखीचा असतो. आईनें हिंमत करून फिर्याद दिली. मी तेव्हां नवा. कागद वाचले, कलमें पाठ केलीं, उलटतपासणीची तयारी केली. मधल्या महिन्यांत त्या बाईच्या घरीं एकदांहि गेलों नाहीं. तेवढ्या काळांत काय झालें? गांवांतले पांच लोक बसले. घराण्याची अब्रू, पोरीचें पुढें लग्न, दोन एकर बांधी तुझ्या नांवें करून देतों, असें सारें झालें. रोवण्याला कोणी तिला मजुरीवर बोलावीना. साक्षीच्या दिवशीं ती बाई माझ्याकडे न पाहतां म्हणाली, “मला कांहीं ठाऊक नाहीं, साहेब. कोणाच्या तरी सांगण्यावरून अंगठा दिला.” पोरगी नुसती रडत राहिली. आरोपी सुटला. त्या दिवशीं मला त्या बाईचा राग आला होता. आज येत नाहीं. ती जिच्या आधारावर उभी राहील अशी एकहि भिंत मी तिला दिली नव्हती. तेव्हांपासून कागदाआधीं मी घर पाहतों.

त्या पांच लोकांना मी नांवें ठेवीत बसत नाहीं. त्यांतले कांहीं खरोखर सज्जन होते आणि पोरीचें भलेंच करतों आहों असें त्यांना वाटत होतें. परंतु त्यांनीं आणि तुम्हीहि एक कायद्याची गोष्ट जाणून घ्यावी. हा गुन्हा आपसांत मिटण्यासारखा नाहीं. ठाऊक असून कळविलें नाहीं तर तो सुद्धां गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. शाळेच्या किंवा संस्थेच्या प्रमुखानें आपल्या हाताखालच्याचें पाप झांकलें तर एक वर्षापर्यंत. पंच होऊन बसणारा उद्यां आरोपी होऊन उभा राहूं शकतो.

दुसऱ्या बाजूचेंहि सांगितलें पाहिजे, नाहींतर मी एकांगी ठरेन. पोक्सोखालीं येणाऱ्या फिर्यादींत पुष्कळ अशा असतात कीं, पोरगी सोळा-सतराची, पोरगा विशीचा, दोघें राजीखुशीनें पळालीं, पोरगा दुसऱ्या जातीचा, आणि बापानें रागानें फिर्याद ठोकली. कायद्यानें अठराखालीं संमति नाहींच, म्हणून पोरगा वर्षानुवर्षें आंत. ॲग्नेसबाईंसारख्या जाणत्या वकिलांनीं यावर उघड टीका केली आहे. जातीचा सूड घ्यायला लेंकराचा कायदा वापरला, कीं खऱ्या पोरीची फिर्याद आली तरी ठाणेदार म्हणतो, असेल कांहीं भानगड! त्याची किंमत ती आठ वर्षांची पोर देते.

आणि फांशी, फांशी म्हणून ओरडणाऱ्यांनाहि एक विचारतों. २०२४ च्या ऑगस्टांत बदलापूरच्या शाळेंत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाला. आईबापांना फिर्याद नोंदवायला ठाण्यांत तासन्‌तास बसावें लागलें, मग लोक रुळांवर उतरले, आगगाड्या बंद पडल्या. पुढच्याच महिन्यांत आरोपी पोलिसांच्या गोळीनें मेला. पेढे वांटले गेले. परंतु त्या माणसावरचा खटला तेथेंच संपला. त्या लेंकरांची हकीकत न्यायाधीशानें ऐकून खरी ठरविली, असा दिवस उगवलाच नाहीं. ॲग्नेसबाईंनीं फांशीच्या मागणीला विरोध केला आहे, आणि मला तो पटतो. करणारा सख्खा काका असेल आणि शिक्षा फांशीची असेल, तर आजी त्या नातीला तोंड उघडूं देईल काय?

आतां कामाच्या बारीकसारीक गोष्टी, ज्या तुमच्या उपयोगाच्या आहेत. पहिली जन्माच्या नोंदीची. सारा खटला पुष्कळदां वयावर अडतो. पूर्वी मास्तर लोक आपल्या मनानें १ जुलै ही तारीख टाकून मोकळे होत. अर्धी शाळा एकाच दिवशीं जन्मलेली! वय ठरवितांना आधीं शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला, तो नसला तर ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसलीं तरच हाडांची तपासणी, असा क्रम आहे. आणि हाडांच्या तपासणींत वर्ष-दोन वर्षांचा फरक पडतो, तो बहुधा आरोपीच्या पथ्यावर. जन्माची नोंद वेळेवर करा. दुसरी गोष्ट कपड्यांची. घडलें असें कळतांच माय पहिलें काम करते तें पोरीला न्हाऊं घालण्याचें आणि कपडे धुण्याचें. मायेनें करते; पण पुरावा वाहून जातो. कपडे तसेच कोरड्या कागदांत बांधून ठेवावे. आणि तपासणीला सरकारी किंवा खाजगी दवाखाना पैशासाठीं किंवा पोलिसांच्या चिठ्ठीसाठीं नाहीं म्हणूं शकत नाहीं.

तिसरी गोष्ट लेंकराच्या बोलण्याची. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ घ्यावी लागत नाहीं, पण त्याचें म्हणणें साक्ष म्हणून चालतें. आणि पोरीची एकटीची साक्ष भरवंशाची वाटली तर दुसरा पुरावा नसला तरी शिक्षा होऊं शकते, हें सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. अडचण अशी कीं, लेंकराला तारीख-वार ठाऊक नसतो. विरुद्ध वकील विचारतो, किती वाजले होते? पोरगी काय सांगणार! पण तिला हें बरोबर ठाऊक असतें कीं, त्या दिवशीं शाळेंत खिचडी नव्हती, किंवा पोळ्याचे बैल सजवले होते. चांगला वकील तिच्या घड्याळानें वेळ विचारतो. तिला पढवीत मात्र नाहीं. पढविलेलें पोर न्यायाधीशाला दोन वाक्यांत ओळखूं येतें आणि खरी फिर्याद बुडते. मी साक्षीच्या आदल्या दिवशीं पोरीला रिकामें कोर्ट दाखवून आणतों. साहेब कोठें बसतात, तूं कोठें बसशील, पाणी कोठें आहे. एका पोरीनें तेवढ्यावर मला विचारलें, “आणि तो कोठें बसेल?” मी सांगितलें, पडद्यापलीकडे, तुला दिसणार नाहीं. मग ती बाकावर बसून पाय हलवूं लागली.

या धंद्यांत पैसा किती? विधी सेवेकडून मिळणाऱ्या फीवर बंगला होत नाहीं. जमिनीच्या दाव्यांवर माझें घर चालतें, आणि या कामावर माझी झोंप. ज्यांच्या घरीं पोरगी बारावी झाली आहे त्यांनीं लक्षांत घ्या: बारावीनंतर पांच वर्षें, किंवा पदवीनंतर तीन वर्षें, दोहोंसाठीं प्रवेशपरीक्षा आहे, नंतर मुंबईच्या बार कौन्सिलची सनद. पोक्सोचा विशेष सरकारी वकील व्हायला सात वर्षांची वकिली लागते. कोष्ट्याची, ढिवराची, तेल्याची, गोंडाची पोरगी काळा कोट घालून भंडाऱ्याच्या कोर्टांत उभी राहिली, तर वडशाच्या पोरीसारखी पोर तिच्याशीं आपल्या झाडीबोलींत बोलेल. माझ्यासारख्या बाप्याशीं ती बोलतां बोलतां थांबते, हें मी रोज पाहतों.

कोणाला आतांच कांहीं कळवायचें असेल तर १०९८ हा लेंकरांसाठींचा फोन आहे, पैसे पडत नाहींत. अत्याचार झालेल्या लेंकराला सरकारकडून २०१३ पासून मनोधैर्य योजनेंतून मदत मिळते. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. मी साकोलीच्या शेवटच्या गाडीनें जाणार आहें, तोंवर शाळेच्या मागच्या पडवींत बसतों. बाप्यांनीं तिकडे येऊं नये. ज्या मायबहिणींना विचारायचें असेल त्यांनीं एकेकटीनें यावें. नांव सांगितलें नाहीं तरी चालेल.